कॅनॉलकाठच्या वाटेसाठी रोडबाइकचे टायर: माझा अनुभव

इंग्लंडमधल्या बाथहून ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनकडे केनेट अँड एव्हन कॅनॉलच्या काठाने मी रोडबाइकवर, म्हणजे पातळ टायरच्या सायकलवर, जातो. वाट बारीक खडीची, त्यात कुंपणं छाटली की हॉथॉर्न या काटेरी झुडपाचे काटे पसरलेले. २५ मिमी रुंदीचे टायर सारखे पंक्चर व्हायचे. ३२ मिमीचे घ्यायचे होते, पण माझ्या कॅलिपर ब्रेकमध्ये (चाकाच्या रिमला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा ब्रेक) २८ च्या वर बसत नाही. शेवटी पंक्चररोधक पट्ट्याचे २८ मिमी बसवले आणि हवेचा दाब १०० वरून ७५ पीएसआयवर (दाबाचं एकक) आणला. आता हात बधिर होत नाहीत, ओल्या खडीवर चाकही सरकत नाही. टायरवर फार मोठी नक्षी नकोच. चिखल अडकून ब्रेकला घासतो.

आणि पंक्चर झालंच तर ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून जुनं फडकं फिरवा. काट्याचं टोक राहिलं असेल तिथे धागा अडकतो.