दात दुखत नसतानाची दंततपासणी

दाताची कीड वरच्या कठीण थरात असते तोवर ती सहसा दुखत नाही, आणि रात्री ठणका लागून झोप उडते तेव्हा बहुधा ती नसेपर्यंत पोचलेली असते. म्हणूनच काही दुखत नसतानाही, डॉक्टर सांगतील त्या अंतराने दात दाखवून घ्यावेत.

जाताना चालू औषधांची चिठ्ठी सोबत न्यावी. मधुमेह, गर्भारपण, औषधाची ॲलर्जी किंवा रक्त पातळ करणारी गोळी यांची कल्पना आधीच द्यावी. ती गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये. तंबाखू, गुटखा किंवा मिश्रीची सवय संकोचापोटी लपवली जाते, पण डॉक्टरांना सर्वांत आधी कळायला हवी ती हीच गोष्ट.

खुर्ची मागे कलल्यावर छोटा आरसा आणि बारीक टोकाची सळई घेऊन डॉक्टर एकेक दात पाहतात. तोंडात दात बत्तीस असताना ते ‘छत्तीस’ म्हणाले, तर गोंधळू नये: पहिला आकडा दोन्ही जबड्यांच्या चार भागांपैकी कोणता भाग ते दाखवतो, दुसरा मधल्या रेषेपासूनचा क्रम, म्हणजे छत्तीस ही खालच्या डाव्या बाजूची पहिली मोठी दाढ. त्यानंतर खुणा असलेल्या सळईने हिरडी आणि दात यांमधील फटीची खोली मोजली जाते. ती १ ते ३ मिलिमीटर असणे निरोगी हिरडीचे लक्षण मानतात. ४ किंवा त्याहून अधिक भरल्यास हिरडी दातापासून सुटू लागल्याची शंका येते. गाल, टाळू आणि जिभेच्या कडाही पाहिल्या जातात. पांढरा वा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेला व्रण, किंवा पूर्वीइतके तोंड न उघडणे, यांपैकी काही जाणवले असेल तर विचारण्याची वाट न पाहता सांगावे. दोन दातांमधली कीड नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, त्यासाठी गरजेप्रमाणे एक्स-रे काढतात.

कीटण साचले असेल तर दात साफ करण्याचा सल्ला मिळतो. साफ केल्याने दात हलू लागतात, ही समजूत चुकीची आहे: हाड आधीच झिजलेले असते आणि कीटणाच्या आधाराने घट्ट वाटणारा दात ते निघाल्यावर आपली खरी स्थिती दाखवतो. कंपन करणाऱ्या यंत्राचा आवाज आणि पाण्याचा फवारा यांची आधी कल्पना असावी. दुखल्यास हात वर करावा, डॉक्टर थांबतात. नंतरचे काही दिवस दातांना थंड पाणी झोंबते, दातांमध्ये फटी जाणवतात आणि थोडे रक्तही येते. ते चार-पाच दिवसांत न थांबल्यास मात्र पुन्हा दाखवावे.