इंदूर ते न्यूयॉर्क : प्रवासाचे तास मोजताना या चुका टाळा

मुलीकडे, मुलाकडे अमेरिकेला जायचं ठरलं की घरात पहिला प्रश्न असतो, "विमानात किती तास बसायचं?" तिकिटावर सगळं छापलेलं असतं, तरी हिशेब चुकतो.

सगळ्यात महागात पडते ती तारखेची चूक. आईचं मुंबईहून विमान १५ तारखेला, ०१:१० ला. बाबांनी कॅलेंडरवर १५ ला गोल केला आणि इंदूर–मुंबईचं तिकीट १५ च्याच संध्याकाळचं काढलं. १३ च्या रात्री रामबागेतल्या घरी बॅगांचं वजन करताना मामानं तिकीट हातात घेतलं आणि म्हणाला, "भाऊजी, हे विमान तर उद्या रात्रीच उडतंय!" नवं तिकीट काढताना पैसे गेले ते गेलेच, आईला रात्रभर झोपही लागली नाही. रात्री बारानंतरची वेळ दिसली की घरातून आदल्या दिवशी निघायचं. गोलही आदल्याच तारखेला करा.

दुसरी चूक वजाबाकीची. तिकिटावरच्या दोन्ही वेळा आपापल्या गावच्या असतात. समजा, मुंबईहून रात्री १ ला निघून त्याच तारखेला सकाळी ७ ला न्यूयॉर्क. हे सहा तास नव्हेत. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे असतं, म्हणजे प्रवास साडेसोळा तासांचा. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत तिथली घड्याळं एक तास पुढे असतात, तेव्हा फरक साडेनऊचा धरा.

अंतराला ताशी ९०० किलोमीटरनं भागूनही नेमकं उत्तर येत नाही. इंदूर–मुंबई हवाई अंतर ५०० किलोमीटरच्या आसपास. भागाकार सांगतो अर्धा-पाऊण तास, वेळापत्रकात मात्र सव्वा तासाहून जास्त असतो. कारण त्या वेळेत विमान धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं आणि मुंबईच्या गर्दीत घिरट्या घालणं हे सगळं धरलेलं असतं.

भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून अंतर काढू नका. पट्टी अरबस्तान आणि सहारावरून नेते. पृथ्वीगोलावर मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणून बघा, तो मध्य आशिया, रशिया करत आइसलँडच्या अंगानं जातो. हाच सर्वांत जवळचा मार्ग, सुमारे १२,५०० किलोमीटर. (नातवंडांना हे नक्की दाखवा, त्यांचे डोळे विस्फारतात.) प्रत्यक्षात एखाद्या देशाचं आकाश बंद असलं की वळसा पडतो आणि तास वाढतात.

जायला लागले तेवढेच तास यायला लागतील, असंही धरू नका. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. परतताना ते पाठीशी असतात, म्हणून भारतात येताना बहुधा तास-दीड तास वाचतो.

मुंबईत विमान बदलताना दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढलेली असतील तर बॅगा स्वतः उचलून पुन्हा द्याव्या लागतात. टर्मिनलही तपासा, १ आणि २ मध्ये रस्त्यानं जावं लागतं. मधे पाच-सहा तास ठेवा.

मधुमेहाच्या गोळ्यांच्या वेळा आधी डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्या. मोबाइल उतरल्यावर आपोआप तिथली वेळ दाखवतो, म्हणून आईनं मनगटी घड्याळ भारताच्याच वेळेवर ठेवलं होतं. डबीवर चिकटवलेल्या चिठ्ठीतही भारताचीच वेळ होती.