दुर्बिणीतून पित्ताशय काढताना या चुका टाळा

नाशिकमध्ये दुर्बिणीतून पित्ताशय काढणे हे आता रोजचे काम झाले आहे, आणि हात बसल्याच्या भरवशावर नवे सर्जन मिरिझी सिंड्रोम समोर असूनही पुढे रेटत राहतात. अर्जेंटिनाचे सर्जन मिरिझी यांनी १९४८ मध्ये वर्णन केलेल्या या अवस्थेत पित्ताशयाच्या मानेत अडकलेला खडा शेजारच्या यकृतनलिकेला दाबतो आणि कधी कधी तिची भिंत झिजवून आत उतरतो.

निफाडकडचे एक द्राक्ष बागायतदार काढणी उरकेपर्यंत दुखणे अंगावर काढून माझ्याकडे आले. डोळ्यांत पिवळसर झाक होती, सोनोग्राफीत यकृतातील नलिका फुगलेल्या दिसत होत्या, तरीही एमआरसीपी (पित्तनलिका दाखवणारा एमआरआय) न करता मी त्यांना टेबलावर घेतले. ती चूक मी पुन्हा केलेली नाही. आत मानेपाशी सारे घट्ट चिकटले होते. सहायकाने एक नळी दाखवून ती बंद करायला क्लिप (छोटा चिमटा) मागितली, परंतु ती पित्ताशयात न शिरता सरळ वर यकृताकडे जात होती. मी क्लिप परत ठेवायला लावली, पित्ताशय वरच्या टोकाकडून उघडले, खडा आतूनच सोडवला, मानेचा भाग तसाच राखला आणि ड्रेन (पोटातला द्रव बाहेर काढणारी नळी) ठेवून थांबलो. चार दिवस त्यातून पित्त आले. एंडोस्कोपीने स्टेंट टाकल्यावर ते बंद झाले.

तेव्हापासून क्लिप लावण्यापूर्वी मी कॉटरीच्या (विजेने ऊती जाळून कापणाऱ्या उपकरणाच्या) पेडलवरून पाय काढतो आणि पित्ताशय पुढून-मागून उलटवून पाहतो. कॅलोचा त्रिकोण (पित्ताशयाची नळी, यकृतनलिका आणि यकृत यांमधली जागा) साफ झालेला, पित्ताशयाचा खालचा तिसरा भाग यकृतापासून सुटलेला आणि पित्ताशयात फक्त दोनच रचना (त्याची नळी आणि रक्तवाहिनी) शिरताना दिसल्या, तरच क्लिप. अर्धवट पित्ताशय काढण्यात कमीपणा मानणाऱ्या उतावळ्यांना मी कॅमेराही धरू देत नाही.

ड्युओडेनम (लहान आतड्याचा पहिला भाग) पित्ताशयाला चिकटलेले असल्यास ते ओढू नये व तेथे कॉटरी वापरू नये. फिस्टुला (दोन्ही अवयवांमध्ये आतून पडलेली वाट) गृहीत धरून साध्या कात्रीने पित्ताशयाच्या बाजूने कापावे आणि ड्युओडेनमचे छिद्र शिवावे.

पोटात सांडलेले खडे वेचावेत, कारण काही वर्षांनीही तेथे गळू होऊ शकते.

फिस्टुलातून उतरलेल्या खड्याने आतडे अडले असेल, तर दुसऱ्या खड्यासाठी संपूर्ण आतडे चाचपावे. खंगलेल्या रुग्णात त्याच वेळी पित्ताशयाला हात लावू नये.

काढलेले पित्ताशय बॅगेतूनच बाहेर घ्यावे आणि हिस्टोपॅथॉलॉजीला (सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीला) पाठवावे, कारण मिरिझीच्या रुग्णांत पित्ताशयाचा कर्करोगही दडलेला सापडतो.