पेजमेकरच्या जुन्या मराठी फाइली इनडिझाइनमध्ये नेताना या चुका टाळा

दसरा जवळ आला की नागपुरातील लहान प्रकाशकांकडे जुन्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्यांची घाई सुरू होते, कारण धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या परिसरात भरणाऱ्या पुस्तकांच्या बाजारात जे पुस्तक पोहोचले नाही, त्याचे हक्काचे वाचक त्या वर्षी निसटतात. यांतील पुष्कळ पुस्तके वीस-पंचवीस वर्षांपूर्वी पेजमेकर या पाने लावण्याच्या जुन्या प्रोग्राममध्ये, श्रीलिपी, आकृती किंवा कृतीदेव यांसारख्या फॉन्टमध्ये लावलेली असतात. फाइल सीडीवर सापडते, पण ती आजच्या संगणकावर उघडत नाही. उघडलीच, तर पानभर निरर्थक रोमन चिन्हे दिसतात. अशा वेळी सगळे पुस्तक नव्याने टाइप करायला देणे सोपे वाटते. माझे मत असे की बहुतेक फाइली वाचवता येतात, मात्र कामाचा क्रम पाळावा लागतो: आधी फाइलचे स्वरूप, मग मजकुराचे युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या, आज सर्वत्र चालणाऱ्या पद्धतीत) रूपांतर आणि शेवटी पानांची मांडणी. तिन्ही एकाच वेळी करू पाहणे ही पहिली चूक आणि पुढच्या बहुतेक चुका तिच्यातूनच निघतात.

पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती, म्हणजे ७.०, २००१ साली आली. त्या फाइली उघडण्याची सोय इनडिझाइनमध्ये, म्हणजे पेजमेकरची जागा घेणाऱ्या प्रोग्राममध्ये, सीएस६ या आवृत्तीपर्यंत होती. २०१३ पासूनच्या सीसी आवृत्त्यांमध्ये ती नाही. त्यामुळे नव्या इनडिझाइनने फाइल नाकारली म्हणजे ती खराब झाली, असे समजून ती टाकून देऊ नये. पेजमेकर ६.५ किंवा ७ ची फाइल सीएस६ मध्ये उघडून आयडीएमएल या इनडिझाइनच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत उघडणाऱ्या स्वरूपात साठवली, की ती आजच्या आवृत्तीत उघडते. फाइल त्याहून जुनी, म्हणजे पेजमेकर ५ ची असेल, तर ती आधी पेजमेकर ७ मध्ये उघडून साठवावी आणि मगच पुढे न्यावी.

सीडीवरून किंवा पेन ड्राइव्हवरून थेट काम करू नये. फाइल, चित्रे आणि फॉन्ट हार्ड डिस्कवरील एका फोल्डरमध्ये उतरवावेत, मूळ प्रत तशीच बाजूला ठेवावी आणि काम नकलेवरच करावे. नागपूरच्या उन्हाळ्यात माळ्यावर वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या सीडीचा भरवसा धरता येत नाही, म्हणून पुस्तकाची निकड नसली तरी ही नक्कल आजच करून ठेवावी.

पेजमेकरमध्ये फाइल उघडताना फॉन्ट सापडला नाही, तर पर्यायी फॉन्ट सुचवणारी चौकट समोर येते. तिथे घाईने होकार देऊन फाइल साठवली, तर मूळ फॉन्टचे नाव कायमचे बदलले जाऊ शकते आणि मजकूर कोणत्या फॉन्टमध्ये होता याचा पुरावाच नाहीसा होतो. चौकटीतले नाव कागदावर उतरवून घ्यावे, फाइल न साठवता बंद करावी आणि आधी तो फॉन्ट मिळवावा. सगळे फॉन्ट जागेवर असूनही फाइल अडखळत असेल, तर काहीही निवडलेले नसताना आल्ट आणि शिफ्ट दाबून टाइप मेन्यूतील हायफनेशन निवडावे. पेजमेकर फाइल स्वतः तपासतो. एक बीप म्हणजे दोष नाही, दोन म्हणजे दोष सापडला आणि दुरुस्त झाला, तीन म्हणजे दोष सापडला पण दुरुस्त झाला नाही.

खरे नुकसान युनिकोडमध्ये होते

जुन्या फॉन्टमध्ये अक्षरे रोमन चिन्हांच्या जागी बसवलेली असतात आणि ती डोळ्यांना दिसतात त्याच क्रमाने साठवली जातात. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येते, रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये हा क्रम उच्चाराप्रमाणे, म्हणजे नेमका उलटा असतो. ज्या कन्व्हर्टरला (जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या प्रोग्रामला) हा फरक कळत नाही, तो ‘विदर्भ’चे ‘िवदभर्’ करतो. थोडा बरा कन्व्हर्टर वेलांटी पुढे सरकवतो, पण जोडाक्षर ओलांडत नाही आणि ‘स्थिती’ची ‘सि्थती’ होते. ‘नागपूर’ या शब्दात पहिली वेलांटी नाही आणि रफारही नाही, म्हणून तो प्रत्येक कन्व्हर्टरमधून सुखरूप बाहेर पडतो. एखादे सोपे वाक्य टाकून कन्व्हर्टर बरोबर आहे असा निर्वाळा देणे म्हणूनच धोक्याचे आहे. चाचणीच्या उताऱ्यात ‘व्यक्ती’, ‘वर्षी’, ‘तऱ्हा’, ‘दऱ्या’, ‘श्रद्धा’, ‘दुःख’ असे शब्द हवेतच. ‘ऱ्या’ आणि ‘ऱ्ह’ यांच्याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण हिंदी डोळ्यांपुढे ठेवून केलेले कन्व्हर्टर मराठीच्या या ‘ऱ’पाशी हमखास चुकतात.

मजकूर बाहेर काढताना साधा टेक्स्ट निवडू नये. त्यात फॉन्टची माहिती राहत नाही, त्यामुळे मूळचे इंग्रजी शब्द आणि रोमन चिन्हांच्या जागी बसलेले मराठी शब्द वेगळे ओळखता येत नाहीत आणि कन्व्हर्टर इंग्रजीचाही चुराडा करतो. फॉन्टची माहिती जपणारे आरटीएफ स्वरूप निवडावे. तसेच मजकूर आणताना सरळ अवतरणचिन्हे गोलाकार करणारा पर्याय बंद ठेवावा. कृतीदेव ०१० मध्ये एकेरी अवतरणाच्या जागी अर्धा ‘श’ आणि दुहेरी अवतरणाच्या जागी अर्धा ‘ष’ असतो. तो एक पर्याय चालू राहिला, तर पुस्तकभर ‘श’ आणि ‘ष’ बिघडतात. फॉन्ट ज्या कंपनीचा, तिच्याच पॅकेजमधील कन्व्हर्टर मिळाला तर तोच वापरावा.

काही चुका डोळ्यांना दिसतच नाहीत. ‘आ’ हे एक अक्षर न होता ‘अ’ आणि काना अशा दोन तुकड्यांत उतरते, विसर्गाच्या जागी अपूर्णविराम येतो, ‘ॲ’ ऐवजी ‘अ’वर चंद्र चढवलेला असतो. छापील पानावर यांतले काहीच खटकत नाही. पण ई-पुस्तकात वाचक शब्द शोधतो तेव्हा तो सापडत नाही. त्यामुळे रूपांतर झाल्यावर वेलांटीनंतर लगेच आलेला हलन्त, शब्दाच्या सुरुवातीची सुटी वेलांटी आणि ‘अ’नंतरचा काना या तीन गोष्टी फाइंड-चेंजमध्ये आवर्जून शोधाव्यात.

इनडिझाइनमध्ये आल्यावर

मजकूर अचूक असूनही वेलांट्या तुटलेल्या दिसल्या, तर दोष कन्व्हर्टरचा नसतो. पॅराग्राफ पॅनेलच्या मेन्यूत वर्ल्ड-रेडी कंपोझर (देवनागरीसारख्या लिप्यांची अक्षरे नीट जोडणारी सोय) निवडलेला आहे का, ते पाहावे. जुन्या फाइलीतून आलेल्या पॅराग्राफ स्टाइलमध्ये तो बहुधा नसतो आणि तो स्टाइलमध्येच बदलणे योग्य, परिच्छेदागणिक नव्हे. भाषा म्हणून मराठी निवडावी, नाहीतर नोटोसारख्या फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात.

फॉन्ट बदलला की अक्षरांची रुंदी बदलते आणि पाने सरकतात. जुनी पृष्ठसंख्या जुळवण्यासाठी अक्षरे आवळणे वाचकावर अन्याय करणारे आहे. त्यापेक्षा एखादा फॉर्मा (एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांचा गट) वाढला तरी चालेल. मुद्रितशोधन पडद्यावरील जुन्या फाइलीशी नव्हे, तर पहिल्या आवृत्तीच्या छापील प्रतीशी ताडून करावे, कारण शेवटच्या क्षणी ट्रेसिंगवर (छपाईसाठी काढलेल्या अर्धपारदर्शक कागदावर) केलेल्या दुरुस्त्या त्या फाइलीत कधीच आलेल्या नसतात. अनुक्रमणिका आणि सूची यांतील पृष्ठांक हे सगळे संपल्यावर, सर्वांत शेवटी भरावेत.