घरी विटांची पिझ्झा-भट्टी बांधताय? आधी माझ्या घुमटाची चीर बघा

नाशिकजवळ मखमलाबादला घरामागे पिझ्झा-पावासाठी लाकडावरची भट्टी बांधली आणि पहिल्याच मोठ्या जाळाला ती तडकली. फार आवाज नाही झाला, नुसतं टक्क, आणि घुमटाच्या डोक्यापासून दारापर्यंत केसाएवढी चीर, तिच्यातून वाफ येतेय. भट्टी फोडली ती पाण्यानं.

झालं काय, काम संपलं शनिवारी आणि रविवारी पाहुणे येणार, म्हणून मी सरळ ढीगभर बाभूळ पेटवली. पण मालात नि विटांत मुरलेलं पाणी असतं, त्याची १०० डिग्रीला वाफ होते आणि तिला निघायला वेळ मिळाला नाही की ती सांधा फोडून निघते. आधी आठवडाभर नुसतं वाळू द्या, मग ५-७ दिवस रोज थोडा थोडा वाढवत जाळ, पहिल्या दिवशी मूठभर काटक्या पुरे. रात्री ताडपत्री टाका, सकाळी तिच्या आतून पाणी जमलेलं दिसलं की समजा अजून ओली आहे.

दुसरी चूक, गवंड्याचं ऐकलं. "भाऊ, एकाला चार सिमेंट-वाळूचा माल लावतो, बघा हलते का." भिंत हलणार नाही हो, पण साधं सिमेंट साडेचारशे डिग्रीच्या आसपास भुसभुशीत व्हायला लागतं आणि पिझ्झासाठी घुमट तेवढा तापतोच. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागात फर्नेसचं सामान विकणाऱ्यांना फायरक्ले (जाळ सोसणारी माती) नि फायर ब्रिक (त्याच मातीची वीट) विचारा. बजेट नसेल तर घुमटाला चांगली भाजलेली साधी वीट चालते, तळाला मात्र फायर ब्रिकच. किचनचा उरलेला कडप्पा टाकू नका, तो चुनखडीचा दगड, जाळाखाली तडकतो. आणि गोदावरीतले गोटे तर अजिबात नको, आत ओल असली तर फुटून उडतात.

धूर तोंडावर येतोय किंवा उष्णता टिकत नाही? दाराची उंची मोजा. घुमटाच्या आतल्या उंचीच्या साधारण ६३ टक्के धरतात, म्हणजे १८ इंचाला सव्वाअकरा. मी मोठा ट्रे जावा म्हणून १४ ठेवली, आता सगळी उष्णता दारातूनच पळते. धुराडं पुढे दाराच्या डोक्यावर, मागे नाही.

पिझ्झा वरून करपला नि खालून कच्चा, तर बहुतेक तळाखाली इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर, नाही, खालचा स्लॅब उष्णता पिऊन टाकतो. वर्मिक्युलाइट (फुगवलेलं हलकं खनिज) नि सिमेंटचा ३-४ इंचाचा थर द्या. घुमटावर सिरॅमिक ब्लँकेट (उष्णता अडवणारी लोकरीसारखी चादर) टाकताना मास्क नि हातमोजे घाला, खाज नको आणि छातीत धूळ तर नकोच.

लाकूड वाळलेलंच. छाटणीच्या द्राक्षकाड्या फुकट मिळतात म्हणून आमच्याकडे सगळे उचलतात, पण बागेवर बोर्डोपासून (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) काय काय फवारलेलं असतं, मी तरी खायच्या भट्टीत घालत नाही. पॅकिंगच्या रंगवलेल्या फळ्याही नाही. आतली काजळी जळून वीट पुन्हा उजळ दिसली की पिझ्झा टाका, पावाला मात्र निखारे ओढून काढा आणि दोनशे-सव्वादोनशे डिग्रीपर्यंत उतरू द्या.

माझी चीर फायरक्लेनं बुजवली, तापली की उघडते, निवली की मिटते. वर पत्र्याचं छप्पर केलंय, तरी पावसाळा संपला की मी परत मूठभर काटक्यांपासून सुरुवात करतो.