फ्लॅटमधल्या सशाला ऊन कसं द्यावं

फ्लॅटमधल्या सशाला उजेड भरपूर मिळतो, ऊन मात्र मिळत नाही. ड जीवनसत्त्व कातडीत तयार होतं ते उन्हातल्या अतिनील-बी, म्हणजे यूव्हीबी किरणांमुळे, आणि खिडकीची साधी काच नेमके हेच किरण जवळपास सगळे अडवते. स्लायडिंग खिडकीतून फरशीवर आलेल्या उन्हात ससा तासभर लोळला तरी त्याला फक्त ऊब मिळते. म्हणून पहिलं काम काच सरकवण्याचं. मच्छरांची जाळी बंद राहिली तरी चालेल, थोडे किरण अडतील इतकंच.

सशाला ड जीवनसत्त्व लागतं का, यावर उलटसुलट ऐकू येतं. त्याचं आतडं ड फारसं नसतानाही खाण्यातलं कॅल्शियम शोषून घेतं आणि जास्तीचं कॅल्शियम लघवीवाटे टाकून देतं. सशाची लघवी पांढुरकी, गढूळ दिसते ती त्यामुळेच. पण त्याचे दात जन्मभर वाढत राहतात, आणि त्यांना धरून ठेवणारं जबड्याचं हाड भक्कम राहायला कॅल्शियम आणि ड दोन्ही लागतात. अंगभर केस असूनही त्याची कातडी हे काम करते. २०१४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पाळीव सशांना दोन आठवडे रोज १२ तास यूव्हीबी दिव्याखाली ठेवलं होतं. त्यांच्या रक्तातलं ड जीवनसत्त्व दिवा नसलेल्या सशांच्या सुमारे दुप्पट भरलं.

१. वेळ ठरवा

सगळी गोम इथे आहे. सकाळी सातचं कोवळं ऊन सशाला सोसतं, पण सूर्य क्षितिजाजवळ असल्याने त्यात यूव्हीबी नावालाच असतं. भर दुपारी ते भरपूर असतं, पण तेव्हा ससा तापून मरू शकतो. सशाला घाम येत नाही, कुत्र्यासारखं धापून गार होणंही त्याला नीट जमत नाही. अंगातली उष्णता बाहेर टाकायला त्याच्याकडे मुख्यतः कानच.

मग मधली वेळ शोधायची, आणि ती ऋतूप्रमाणे सरकते. पुण्यात डिसेंबरमध्ये पावणेदहाला सूर्य जितका वर आलेला असतो, तितका एप्रिलमध्ये साडेआठलाच येतो. म्हणून थंडीत साडेनऊ ते अकरा आणि मार्च-एप्रिलमध्ये आठ ते नऊ, असं धरून चाला. घड्याळापेक्षा सावली बघणं सोपं: आपली सावली आपल्या उंचीच्या दीडपट-पावणेदोनपट झाली की सशाला बाहेर काढायची वेळ झाली.

वेळेवर तापमानाची कात्री लागते. २८ अंशांच्या वर पारा गेला की उन्हाचा नाद सोडा. मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत तर त्याआधीच. नागपूर-अकोल्याला मे महिन्यात सकाळी साडेआठलाच पारा तिशी ओलांडतो, तिथे तेवढे आठवडे ससा पंख्याखाली किंवा कूलरच्या खोलीतच बरा. ड जीवनसत्त्व शरीरात साठून राहतं, काही आठवड्यांच्या खंडाने बिघडत नाही. ऑक्टोबर हीटमध्येही हाच हिशोब.

२. बाल्कनी सशाजोगी करा

बाल्कनीला कबुतरांसाठी लावलेली जाळी नायलॉनची असते. ससा ती दोन मिनिटांत कुरतडतो. खालचा दोन-अडीच फुटांचा भाग लोखंडी वेल्डमेशने बंद करा. कुंड्या आवाक्याबाहेर ठेवा. कण्हेर, अडेनियम, मनी प्लांट, सदाफुली यांपैकी काहीही त्याच्या तोंडी जाता कामा नये. फरशी गुळगुळीत आणि तापणारी, म्हणून तिच्यावर गोणपाट किंवा जुनी सतरंजी अंथरा.

निम्मी जागा सावलीत हवीच. एक पुठ्ठ्याचा खोका घ्या आणि त्याला दोन बाजूंनी दारं कापा. एकच दार असेल तर घाबरलेला ससा आत कोंडला गेल्यासारखा बसून राहतो. पाणी मातीच्या पसरट परळात ठेवा, हलकं भांडं तो उलटवतो. पिंजऱ्यात कोंडून, प्लास्टिकच्या टबात किंवा काचेच्या पेटीत ठेवून त्याला उन्हात ठेवणं मात्र साफ चूक. सावलीत जायचं की उन्हात यायचं हे सशाला स्वतःला ठरवता आलं पाहिजे. बाकी सगळं कमी-जास्त चालेल, हे नाही.

गच्चीवर नेत असाल तर समोर बसून राहा. घार, कावळा आणि बोका, तिघांचाही डोळा असतो. पट्टा बांधून ठेवू नका. दचकलेला ससा जोरात उडी मारतो आणि झटक्याने त्याचा कणा मोडू शकतो. उचलून नेताना एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली.

३. थोडं थोडं सुरू करा

पहिले काही दिवस दहा मिनिटं पुरेत. मग हळूहळू अर्धा तास, थंडीत तासभरही. रोज जमलं नाही तर आठवड्यातून चार-पाच वेळा. आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसणारा पांढरा, लाल डोळ्यांचा ससा असेल तर वेळ कमी ठेवा. त्याच्या डोळ्यांत आणि कातडीत रंगद्रव्य नसतं, झगझगीत उजेड त्याला खुपतो आणि कान भाजतात.

रुळलेला ससा कसा वागतो ते बघण्यासारखं असतं. आधी खोक्याच्या तोंडाशी बसून नाक भराभर हलवेल, मग चार पावलं पुढे येईल, आणि जरा विश्वास बसला की एकदम कुशीवर कलंडेल, मागचे पाय लांब सोडून. नवख्या माणसाला वाटतं, गेला की काय! अशा वेळी कानाच्या मुळाशी दोन बोटं लावा. कोमट लागलं, श्वास संथ असला तर मजेत आहे. कान लालभडक, गरम, शिरा टरारलेल्या, नाकपुड्या फुगलेल्या, नाक-हनुवटी ओली, तोंड उघडं, यातलं काहीही दिसलं तर लगेच आत न्या. कान साध्या पाण्याने ओले करा, पंखा लावा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका. आणि थेट डॉक्टर गाठा, सावरल्यासारखा दिसला तरी.

आंघोळ घालून उन्हात वाळवणं हा प्रकार पूर्ण बंद. सशाला आंघोळ लागत नाही.

४. बाल्कनीच नसेल किंवा पाऊस लागला असेल

ढगांतूनही काही यूव्हीबी खाली येतं, त्यामुळे पावसाळ्यातल्या उघडिपीत उघड्या खिडकीशी बसवलं तरी उपयोग होतो. फक्त जागा कोरडी हवी. ओल्या शेपटीखाली माश्या अंडी घालतात आणि ते दुखणं जिवावर बेततं.

दुसरा मार्ग म्हणजे सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी मिळणारा यूव्हीबी दिवा. सौम्यातला सौम्य घ्या, कंपनीने सांगितलेल्या अंतरावर वरून टांगा, मध्ये काच किंवा प्लास्टिक नको, आणि वायर सशाच्या दातांपासून दूर. रात्री बंद. दिवा पेटत राहिला तरी त्यातलं यूव्हीबी ओसरत जातं, म्हणून सहा महिने ते वर्षभराने बदलावा लागतो. साधा पिवळा बल्ब यातलं काही देत नाही. पाण्याच्या फिल्टरमधली जंतुनाशक ट्यूब लावण्याची शक्कल कोणी सुचवली तर हात जोडा. तिने डोळे जातील.

५. खाण्याकडे बघा

उन्हात वाळवलेल्या गवतातही ड जीवनसत्त्व असतं आणि चांगल्या पेलेट्समध्ये, म्हणजे सशाच्या तयार खाद्याच्या गोळ्यांमध्ये, ते घातलेलं असतं. आहाराचा मोठा भाग वाळलं गवतच हवा, दात झिजायलाही तेच लागतं. घरी वाळवलेलं चालतं, बुरशीचा वास आला तर फेका. लसूणघास कॅल्शियमने भरलेला, तो मोठ्या सशाला रोज नको. पक्ष्यांसाठी मिळणारा समुद्रफेसही नको. लघवी वाळूसारखी, दाट येऊ लागली तर मूत्राशयात कॅल्शियम साचत असण्याची शक्यता असते.

आणि घरात पडलेलं ड जीवनसत्त्वाचं ६०,००० युनिटचं पाकीट? दीड-दोन किलोच्या जनावराला त्यातली चिमूटही देऊ नका. जास्तीचं ड जीवनसत्त्व सशाच्या रक्तवाहिन्या आणि मूत्रपिंडात कॅल्शियमचे थर साचवतं आणि ते परत काढता येत नाहीत. लहान मुलांचे थेंबही नकोत. उन्हामुळे मात्र ड कधी प्रमाणाबाहेर होत नाही, कातडीच ते आवरते.

ससा गवत सोडून मऊ तेवढंच खायला लागला, हनुवटी ओली राहू लागली किंवा खालचा जबडा चाचपताना गाठी लागल्या, तर सशांचा अनुभव असलेला पशुवैद्य शोधून डोक्याचा एक्स-रे काढून घ्या. कुठलं गवत, किती पेलेट्स, किती ऊन हे कागदावर लिहून न्या, पहिले प्रश्न तेच असतात.