आंब्याचा पल्प प्लेट हीट एक्सचेंजरमध्ये गार करताना

दुधाच्या हिशोबाने घेतलेल्या प्लेट हीट एक्सचेंजरवर (प्लेटांमधल्या एकाआड एक फटींतून पल्प आणि पाणी खेळवणारं यंत्र) आंब्याचा पल्प चालवला, की सुरुवातीला सगळं ठीक दिसतं. मग बाहेर पडणाऱ्या पल्पचं तापमान 35 अंशांवरून 40, 45 असं चढत जातं आणि पाणी कितीही गार केलं तरी उतरत नाही. अशा वेळी बहुधा पल्प मोजक्याच फटींतून पळत असतो, बाकीच्या फटींत तो थिजून बसलेला असतो.

पल्प जितका जोरात घासला जातो तितका पातळ होतो. त्याचं गणित दोन आकड्यांवर चालतं: घट्टपणाचा के आणि घातांक एन. शिअर रेटचा (पल्पचे थर एकमेकांवरून किती वेगाने घसरतात त्याचा) एन घात करून त्याला के ने गुणलं की शिअर स्ट्रेस (घासण्याचा ताण) मिळतो. म्हणून आधी मोजणी करा. रोटेशनल विस्कोमीटरवर 30, 60 आणि 90 अंशांना, 10 ते 1000 प्रति सेकंद शिअर रेटवर वाचनं घ्या आणि लॉग-लॉग कागदावर मांडा. शिअर स्ट्रेसच्या रेषेचा चढ म्हणजे एन. 90 अंशांना नमुना झाकून ठेवा, नाहीतर पाणी उडून ब्रिक्स (विरघळलेल्या साखरेचं प्रमाण) वाढतो. एकाच आरपीएमला घेतलेला एकच आकडा पुरवठादाराला पाठवू नका, त्यावरून निवडलेलं मशीन चुकणारच.

उदाहरण घेऊ. के 5, एन 0.3, ताशी 3 टन पल्प, प्लेटची रुंदी 400 मिमी, फट 5 मिमी. सगळा पल्प एकाच फटीतून गेला तर वेग सेकंदाला सुमारे 0.4 मीटर पडतो. सपाट फट धरली तर भिंतीजवळचा शिअर रेट साधारण 850 येतो आणि तिथली विस्कॉसिटी (शिअर स्ट्रेस भागिले शिअर रेट) फक्त 44 मिलिपास्कल-सेकंद. हाच पल्प 10 च्या शिअर रेटला 1000 दाखवतो!

आता तोच पल्प दोन समांतर फटींत वाटला तर वेग निम्मा होतो, विस्कॉसिटी 72 वर जाते, पण दाबाची घट जेमतेम 19 टक्के कमी होते. हेच उलटं वाचा: दोन फटींवरच्या दाबात 10 टक्के फरक पडला तर प्रवाहात सुमारे 37 टक्के फरक पडतो. त्यात गार करताना मागे पडलेली फट आणखी गार होते, घट्ट होते, अजून मागे पडते. गरम करताना हा त्रास कमी असतो, कारण रेंगाळणारा पल्प तापून पातळ होतो. म्हणून गार करण्याच्या भागात समांतर फटी कमीत कमी आणि पास (एकामागून एक फेरे) जास्त ठेवा.

त्याची किंमत दाबात मोजावी लागते. वरच्या उदाहरणात सपाट फटीला मीटरमागे 0.15 बार लागतात. नक्षीदार प्लेटला याच्या कितीतरी पट, तेव्हा पुरवठादाराकडून त्याच प्लेटचा आकडा मागून घ्या. पंप लोब किंवा स्क्रूचा हवा, रिलीफ व्हॉल्व्हसह (जादा दाब सोडणारी झडप). प्लेट रुंद फटीची, एकमेकींना कमी ठिकाणी टेकणारी निवडा: आंब्याचे तंतू अडकतात ते या टेकण्याच्या जागीच. एक्सचेंजरच्या आधी फिनिशरची (पल्प गाळणाऱ्या यंत्राची) जाळी फाटलेली नाही ना, हे रोज पाहा.

पाणी एकदम बर्फासारखं सोडू नका. भिंतीलगतचा थर घट्ट होऊन तोच उष्णतेला अडवतो. आधी कूलिंग टॉवरच्या पाण्याने 45 अंशांपर्यंत आणा, चिलरचं पाणी शेवटच्या भागातच द्या. पल्पच्या बाजूचा दाब पाण्यापेक्षा नेहमी जास्त ठेवा, म्हणजे प्लेटला बारीक छिद्र पडलं तरी पाणी पल्पमध्ये शिरणार नाही.

चालू असताना दोन गेज एकत्र वाचा. दाब आणि बाहेर पडणाऱ्या पल्पचं तापमान दोन्ही चढले तर फटी चोंदल्या आहेत. दाब तसाच राहून फक्त तापमान चढलं तर आधी पाण्याचा प्रवाह आणि पाण्याच्या बाजूचा क्षार तपासा. ते ठीक असेल तर प्रवाह फटींत असमान वाटला जातो आहे. पंप थांबला तर पल्प आत गार होऊ देऊ नका, लगेच गरम पाण्याने बाहेर ढकला. गार झालेल्या पल्पला एकदा वाट मिळाली की धुण्याचं पाणीही त्याच वाटेने जातं आणि शेजारची फट तशीच भरलेली राहते. मग प्लेटा उघडण्याशिवाय इलाज नाही.

28 ब्रिक्सच्या कॉन्सन्ट्रेटसाठी मात्र ट्यूबचा किंवा खरवडणाऱ्या पात्यांचा एक्सचेंजर घ्यावा.